वाचक विचारतात: मालिका संपत का नाही?

प्रश्न: माझ्या सासूबाई रोज रात्री एक मराठी मालिका बघतात, सोबत मीपण बसते. वर्षभर सुनेवर एकच आळ आहे, खरं काय ते एका वाक्यात सांगता येईल पण कोणी तोंडच उघडत नाही. मधेच सगळं घर एका मसाल्याच्या पाकिटाचं कौतुक करतं. आणि गोवा दाखवला तर फक्त हनिमूनचा बीच. सासूबाई म्हणतात लेखकाला अक्कलच नाही. खरंच तसं असतं का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: ताई, लेखकाला सगळं कळत असतं हो. मी स्वतः मुंबईत एका मालिकेचे संवाद लिहायचो म्हणून सांगतो. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे यायचे आणि पुढच्या आठवड्यात कोण रडणार ते त्या आकड्यांवर ठरायचं. एकदा मी गैरसमज मिटवणारा सीन लिहून दिला तर चॅनेलकडून निरोप आला की आकडा चढतोय, ट्रॅक ताणा, म्हणजे ते कथानक लांबवा. सीन गेला. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं.

यामागचा हिशोब असा. चॅनेल निर्मात्याला एपिसोडमागे पैसे देतं आणि स्वतः जाहिरातीची जागा दहा-दहा सेकंदांच्या भावाने विकतं, तो भाव टीआरपीवर ठरतो. म्हणजे साबणवाला, तेलवाला हा गिऱ्हाईक आणि आपण बघणारे म्हणजे त्याला विकलेला माल. ब्रेकनंतर तुम्ही परत यायला हवं म्हणून ब्रेकच्या आधी दार उघडतं आणि कोण आलंय ते दिसत नाही. त्यात वाड्याच्या सेटवर खर्च झालेला असतो, तो जितक्या जास्त एपिसोडांत वाटला जाईल तितका प्रत्येक एपिसोड स्वस्त पडतो, नवीन मालिका आणायची तर नवा सेट, प्रोमो, होर्डिंग आणि लोकांना नव्याने सवय लावायची, मग चालणारी मालिका बंद कोण करणार?

मसाल्याच्या पाकिटाला त्या धंद्यात इंटिग्रेशन म्हणतात. तासाला जास्तीत जास्त 10 मिनिटं जाहिराती आणि 2 मिनिटं चॅनेलची स्वतःची असा नियम आहे, त्यामुळे जाहिरात गोष्टीतच घुसवली की ब्रेकची वेळ वाचते आणि रिमोटकडे हातही जात नाही. हे आजचं नाही, 1984 ला दूरदर्शनवर ‘हम लोग’ आली तेव्हाही मागे मॅगीचे पैसे होते. फरक इतकाच की पूर्वी नाव मालिकेच्या आधी यायचं, आता सासूच्या तोंडून येतं. बघणाऱ्याला ही जाहिरात आहे हे सांगितलं जात नाही, आणि मला हेच सगळ्यात जास्त खटकतं.

आता गोव्याचं. 2025 मध्ये देशात टीव्ही असलेली घरं 23 कोटींच्या आसपास होती आणि बार्कचं, म्हणजे टीआरपी मोजणाऱ्या संस्थेचं, मीटर बसवलेली साधारण 58 हजार. सासूबाईंनी रागाने टीव्ही बंद केला तरी घरात मीटर नसेल तर तो राग कुठे नोंदलाच जात नाही. त्यात मराठी चॅनेलसाठी महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच बाजार धरतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्र 11 कोटींच्या वर, आपण गोवेकर पंधरा लाखांच्या आत. जाहिरातदाराला डिचोली, सत्तरी, पेडणे वेगळं विकत घ्यायचंच नसतं, मग चवथीची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळापानांची सजावट), शिगमा, काला हे आपले सण कोण लिहायला सांगणार? 2021 मध्ये महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं तेव्हा कितीतरी युनिटं गोव्यात येऊन राहिली, तेव्हातरी आपली गावं दिसतील असं मला मनापासून वाटलं होतं, पण कॅमेरे रिसॉर्टच्या आतच राहिले आणि मे महिन्यात इथलीही परवानगी गेली.

तक्रार करता येते, मजकुराबद्दल बीसीसीसी या चॅनेलांच्या तक्रार मंडळाकडे आणि जाहिरातीबद्दल एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या संस्थेकडे, जरूर करा. पण ताणलेल्या गोष्टीवर तिथे काही इलाज नाही.

सासूबाईंना जत्रेतली नाटकं आवडत असतील तर त्यांना विचारून बघा, तिथे कथा का नाही ताणत. पहाटेपर्यंत चालेल, पण संपतं. गावातलेच लोक वर्गणी काढतात, गावातलेच काम करतात आणि तेच लोक समोर खुर्च्या टाकून बसतात, नाटक रटाळ झालं तर दुसऱ्या दिवशी नाक्यावर तोंडावर सांगतात.