खपलीची खीर आणि तुझा प्रश्न

प्रिय सानू,

रविवारी जेवताना तू विचारलंस, "बाबा, ही खीर तुला खरंच आवडते, की आजी आठवते म्हणून खातोस?" मी विषय बदलला, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. समोर बसून बोलायला गेलो की मी समजावत बसतो आणि तुला ते नको असतं, म्हणून लिहितोय.

तुझ्या वयाचा असताना मला ती विशेष आवडायची नाही. शेवयांची खीर आवडायची, पांढरी, मऊ. गव्हाची तपकिरी, घट्ट, चावून खावी लागणारी. पण ती व्हायची असली की आदल्या दिवसापासून घराला वेगळीच हालचाल यायची, आणि ती मला फार आवडायची. खपली हा जुन्या जातीचा गहू, त्याचं टरफल मळणीत सुटत नाही. आजी गव्हाला पाण्याचा हात लावून ठेवायची, मग ती आणि मोठी काकी परड्यातल्या उखळाशी समोरासमोर उभ्या राहायच्या. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. मध्येच आजी सूप घ्यायची, पाखडायची, कोंडा उडायचा, की पुन्हा कांडण सुरू. रात्री गहू भिजत पडायचे आणि पहाटे चुलीवर पातेलं चढायचं. सप्ताहाच्या काल्याला हीच खीर गावजेवणात काहिलीत शिजायची आणि तिचा वास देवळापासून ओढ्यापर्यंत यायचा.

आजीच्या तळव्यांना घट्टे होते, हे मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. पोरं आणि पुरुष आधी जेवायचे. बायका शेवटी, पातेल्यात उरेल ते. आपल्या पद्धती तुला सांगताना हे आडवं येतं आणि मी ते गाळून पुढे जातो. पुढे गिरणीत टरफल काढलेली खपली मिळायला लागली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद आजीला झाला. उखळाचं कौतुक मला होतं, तिला नव्हतं. त्यामुळे "आपल्याकडे असं असायचं" हे मी तुला किती अभिमानानं सांगावं, हे माझं मलाच ठरवता येत नाही.

तरी एक गोष्ट तुला सांगायचीच आहे. 1960 नंतरच्या दशकात मेक्सिकोतून बुटक्या गव्हाचे वाण आले, त्यांचा उतारा जास्त, टरफलाची कटकट नाही, आणि खपली मागे पडली. सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगावकडे ती टिकून राहिली. तांबेरा हा गव्हावरचा रोग तिला सहसा बाधत नाही. आणि हे तुझ्या मिनेसोटात फार आधीपासून माहीत आहे! मिनेसोटा विद्यापीठातल्या स्टॅकमन आणि लेव्हाइन या शास्त्रज्ञांनी 1922 मध्ये तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी गव्हाचे 12 वाण निवडले. त्यातल्या एकाचं नाव 'खपली'. आपलंच नाव, जसंच्या तसं. हे वाचलं तेव्हा मला का इतकं भरून आलं कोण जाणे. आपल्या आधी गावचं कुणीतरी इथे येऊन राहिलंय असं वाटलं.

आता तुझा प्रश्न. हो, आवडते. गूळ आणि जायफळ एकत्र रटरटायला लागलं की मी गॅसपासून हलत नाही, हे तू बघतेसच. पण त्यातून आजी वजा केली तर काय उरेल, ते मला वेगळं काढता येत नाही. तुला येतं, कारण तू ती आजीशिवायच खाल्लीस. म्हणून तू चव घेऊन "ठीक आहे" म्हणालीस ते मला लागलं, पण खरंही वाटलं. तुला ती आवडलीच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. कशी करतात ते माहीत असावं, एवढंच वाटतं.

कधी करावीशी वाटली तर दुकानात फारो माग आणि पाकिटावर एमर लिहिलंय का ते बघ. साधारण तोच गहू. वाटीभर गहू आणि मूठभर तांदूळ रात्रभर भिजव, कुकरला भरपूर शिट्ट्या दे. दाणा दोन बोटांत चिरडला गेला पाहिजे, गूळ त्यानंतरच. आधी घातलास तर गहू पुढे शिजत नाही, ताठच राहतो. मग ओलं खोबरं, सुंठ, वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ. दूध ताटात वाढल्यावर वरून घे, गुळाबरोबर उकळलंस तर फाटेल. तुझ्या ज्या मैत्रिणीला ग्लुटेन चालत नाही तिला मात्र देऊ नकोस. जुनं धान्य असलं तरी हा गहूच आहे. आणि भरपूर गूळ घातलेली खीर मधुमेहाला चांगली, असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नकोस.

खसखस दातात येते म्हणून तू कुरकुरतेस, ती वगळलीस तरी चालेल. आजीनं ऐकलं नसतं, माझी हरकत नाही.

तुझा,
बाबा