भावाची मॅव्हरिक आणि आपला संत्रा: गाडीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: भाऊ, माहा मोठा भाऊ अमेरिकेत टेक्सासले हाय. त्यानं फोर्डची मॅव्हरिक हायब्रिड (पेट्रोल इंजिन अन विजेची मोटर दोन्हीवाली) पिकअप बुक केली, रोज फोटो पाठवते. पाच जण बसते, मांगं डाला हाय अन लिटरले 17-18 देते म्हणते. माह्याकडं 6 एकर संत्रा हाय, आंबिया बहाराचा माल मीच नागपूरच्या कळमना मार्केटले नेतो. तो म्हणते, वापस येतानी गाडी घेऊनच येतो. आणता येते का? नाही तं इथं तशी कोणती घेऊ?
(संत्रा बागायतदार, ता. वरुड)

उत्तर: भाऊ, आधी नको ती बातमी सांगून टाकतो, ती गाडी आणता येत नाही. मॅव्हरिकचं स्टीअरिंग डावीकडं असतं, उजवीकडचं मॉडेल निघतच नाही, आणि आपल्या आयातीच्या नियमात गाडी नवी असो की वापरलेली, स्टीअरिंग उजवीकडंच लागते. वापरलेली असली तर 3 वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, वरून कस्टमची ड्युटी. भावाला आजच फोन करा, त्यानं तिकडं गाडी घ्यावी, तिकडंच फिरवावी आणि येताना तिकडंच विकून यावी. फोर्डनं तर सप्टेंबर 2021 मध्येच भारतात गाड्या बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं, मॅव्हरिक त्याच वर्षी जूनमध्ये तिकडं पहिल्यांदा दाखवली होती.

आता त्या 17-18 बद्दल थोडं नीट बोलू, कारण आपल्याकडं खूप जण फक्त हा आकडा ऐकून हायब्रिडच्या मागं लागतात आणि मला त्याची काळजी वाटते. भाऊ खोटं बोलत नाही. अमेरिकेच्या सरकारी टेस्टमध्ये 2022 ची हायब्रिड मॅव्हरिक शहरात गॅलनला 42 मैल निघाली, म्हणजे लिटरला साधारण 17.9 किलोमीटर. पण त्याच टेस्टमध्ये हायवेचा आकडा 33 आहे, म्हणजे लिटरला 14. साध्या गाडीचं उलटं असते, हायवेला जास्त आणि गावात कमी. हायब्रिड ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद मोटरनं परत बॅटरीत भरते आणि सिग्नलला, ट्रॅफिकमधे इंजिन बंद ठेवून विजेवर सरकते, तिची बचत ही अशी थांबत-निघत चालण्यात आहे. तुमचा भाऊ ऑफिसला जातो, दर फर्लांगावर सिग्नल, त्याला ते पैसे वसूल होतात. तुम्ही पहाटे 3 ला माल भरून निघता, रस्ता मोकळा, गाडी एका चालीनं कळमन्यापर्यंत, ब्रेकवर पाय किती वेळा जाते ते तुम्हीच आठवून पहा. तिथं हायब्रिड काय परत भरणार?

दुसरं म्हणजे वजन. मॅव्हरिक जास्तीत जास्त 1,500 पौंड नेते, म्हणजे 680 किलो, आणि त्यात माणसंही धरली आहेत. तुम्ही आणि एक गडी बसले की मालाला उरले सव्वापाचशे-साडेपाचशे, वीस किलोचं कॅरेट धरलं तर 26-27 कॅरेट. डाला आहे साडेचार फुटाचा, त्यात तेवढी रचायची कशी हाही प्रश्नच. फोटोत गाडी दणकट दिसते पण ती कारच्याच सांगाड्यावर बनवलेली आहे, आपल्या बोलेरो पिकअपसारखी बॉडीखाली वेगळी चेसिस (लोखंडी चौकट) नाही. तिकडच्या माणसाला शनिवारी लाकूड-सामान, सायकल, बागेची माती आणायला गाडी पाहिजे असते, त्या कामाला ती फार छान आहे, मला स्वतःला ती गाडी मनापासून आवडते. 191 हॉर्सपॉवर, हायब्रिडच्या डाल्यात तिकडच्या घरातल्यासारखा 110 व्होल्टचा प्लगसुद्धा मिळते. शेतावर असा प्लग किती कामाचा, हे काय तुम्हाला सांगावं लागते?

इथं काय घ्यावं? आपल्याकडं मॅव्हरिकसारखी हायब्रिड पिकअप मिळत नाही, तशा हायब्रिड आहेत त्या कार. पाच सीट आणि डाला असं दोन्ही पाहिजे तर इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स, दोन्ही डिझेल, आणि किंमत पाहिली तर संत्र्याच्या भाड्यात ती कधी निघायची नाही. नुसता माल न्यायचा तर बोलेरो पिकअप आहेच, सव्वा टनाच्या वर नेते, आपल्या तालुक्यात कोणताही मिस्त्री उघडून दुरुस्त करते. सीएनजीवरची टाटा इंट्रा पण आहे, फक्त तुमच्या गावापासून सीएनजी पंप किती लांब आहे ते आधी पहा. घेताना कोणत्याही गाडीच्या आरसीवर रिकामं वजन आणि भरलेलं वजन असे दोन आकडे असतात, त्यांची वजाबाकी करा, तेवढाच तुमचा माल, शोरूमवाला तोंडानं काहीही सांगो.

मला विचाराल तर 6 एकरसाठी तोडणीचे दिवस पिकअप भाड्यानं लावा आणि घरची गाडी वेगळी ठेवा. वर्षात दीड-दोन महिन्याच्या कामासाठी बारा महिने हप्ता भरू नका.

प्रश्न: माझा मुलगा तिकडे ओहायोत आहे, त्यानेही हीच गाडी ऑर्डर करून 7 महिने झाले. आता डीलर ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागतो म्हणे. ॲडव्हान्स दिलेला आहे, मला रात्री झोप नाही.
(एक आई, हिंगणघाट)

उत्तर: ताई, ॲडव्हान्स बुडाला असं समजू नका. या गाडीला तिकडं सुरुवातीपासूनच फार मागणी राहिली. 2022 च्या मॉडेलची ऑर्डर कंपनीला जानेवारीतच बंद करावी लागली, 2023 ची तर थोड्याच दिवसांत भरली. सुरुवातीची किंमत 20 हजार डॉलरला 5 कमी होती, 2025 च्या मॉडेलला 26 हजारांच्या वर गेली. गाडी बनते मेक्सिकोत एर्मोसियोच्या कारखान्यात, आणि कोणत्या डीलरला किती गाड्या द्यायच्या तो कोटा कंपनी ठरवते, म्हणून छोट्या डीलरकडं नंबर मागं राहते.

कंपनी जी किंमत छापते ती शिफारस केलेली किंमत असते, आपल्या एमआरपीसारखी कायद्यानं बांधलेली नाही, म्हणून डीलर वरचे पैसे मागू शकते. मुलाला एकच विचारा, ऑर्डर देताना किंमत लिहून सहीनिशी घेतली होती का? असेल तर तो कागद पुढं करायचा. नसेल तर ॲडव्हान्स परत मागायचा आणि दुसऱ्या डीलरकडं चौकशी करायची, तिथं छापील किमतीतच देणारे डीलरही आहेत. मीपण मागच्या गाडीच्या वेळी तोंडी शब्दावर बसलो, तीन महिने सांगितले आणि आठ लागले, हातात कागद नव्हता म्हणून भांडताही आलं नाही.

प्रश्न: आम्ही मागच्या वर्षी स्ट्राँग हायब्रिड (थोडं अंतर नुसत्या बॅटरीवर चालते ती) कार घेतली. घरी कापूस असते, धूळ लय. उन्हाळ्यात बॅटरीले काही होईन का? गावातला वायरमन म्हणते मी पाहून देतो.
(ता. दारव्हा)

उत्तर: वायरमनला हात लावू देऊ नका, हे सगळ्यात आधी. बोनेटखाली जाड नारिंगी रंगाच्या वायरी दिसतात ना, त्यात जीव घेईल इतका करंट असते. त्या ट्रेनिंग घेतलेल्या माणसानंच उघडायच्या.

धुळीचं तुम्ही बरोबर ओळखलं. मॅव्हरिकची बॅटरी कूलंटनं थंड होते, पण आपल्याकडच्या टोयोटासारख्या बऱ्याच हायब्रिडमध्ये गाडीच्या आतलीच हवा ओढून बॅटरी थंड करतात आणि त्याची जाळी बऱ्याचदा मागच्या सीटच्या आसपास असते. कापसाची गाठोडी, पोती मागच्या सीटवर टाकली की पुंजके जाळीत जाऊन बसतात आणि बाहेर 45 डिग्री असताना बॅटरीला हवाच मिळत नाही. तुमच्या गाडीत जाळी कुठं आहे ते मॅन्युअलमध्ये पहा, तिच्यासमोर काही ठेवू नका, आणि मार्च लागायच्या आत सर्व्हिसला नेऊन फिल्टर साफ करायला सांगा, आपणहून ते करतीलच असं नाही. उन्हात उभी असलेली गाडी घेतली की आधी काचा उघडून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा.

उंदरांचं पण पहा. माझ्या गाडीची वायर दोनदा कुरतडली, ढेपीच्या पोत्याजवळ गाडी लावत होतो म्हणून. आणि लग्नाला वगैरे महिनाभर बाहेर गेले तर मोठी बॅटरी ठीक राहते पण साधी 12 व्होल्टची उतरते, मग गाडी सुरूच होत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास कोणाला तरी गाडी चालू करून रेडीमध्ये (मीटरवर READY दिसते तशी) ठेवायला सांगा. मोठ्या बॅटरीची वॉरंटी टोयोटा 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर देते, तुमची गाडी दुसऱ्या कंपनीची असेल तर तुमच्या पुस्तकात पहा, आणि सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या एका फायलीत लावून ठेवा.