लुसिओ म्हणजे फक्त ओव्हनचा तो गोल नाही

तुमचा प्रश्न असा होता की एफसी गोवाकडून खेळलेला ब्राझीलचा डिफेंडर लुसिओ खरंच तेवढा भारी होता की नुसतं नाव मोठं, आणि मित्र म्हणतात की २००२ च्या वर्ल्ड कपात इंग्लंडच्या ओव्हनला गोल बहाल करणारा हाच तो. मित्रांचं चुकलेलं नाही, चूक त्याचीच होती. पण त्या एका क्लिपवरून त्याला मापणं मला अजिबात पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तीच मॅच घेऊ. २१ जून २००२, जपानमध्ये शिझुओका, इंग्लंडविरुद्ध क्वार्टर फायनल. हेस्कीचा लांब पास आला, लुसिओने बॉल मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला, तो नीट बसला नाही आणि पुढे उडाला, ओव्हन टपलेलाच होता, त्याने ब्राझीलचा गोलकीपर मार्कोसच्या वरून अलगद आत टाकला. क्लिप इथे संपते. मॅच संपली नव्हती ना! हाफटाइमच्या तोंडावर रिव्हाल्डोने बरोबरी केली, मग रोनाल्डिन्होची ती फ्री किक, आणि थोड्याच वेळात रोनाल्डिन्होलाच रेड कार्ड. म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त वेळ ब्राझील दहा जणांत, इंग्लंडला एक गोल हवा, आणि तरी त्यांना काही जमलं नाही. चूक करून बसलेला तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा वर्ल्ड कपच्या क्वार्टर फायनलमध्ये पुढचा तासभर डोकं शांत ठेवून डिफेन्स करतो, मला त्या मॅचमधून हे आठवतं. लुसिओ, एडमिल्सन आणि रोक ज्युनियर अशा तिघांच्या मागच्या फळीने त्या अख्ख्या वर्ल्ड कपात सात मॅचमध्ये चारच गोल खाल्ले. हो, चारच. आणि लोक म्हणतात २००२ चा ब्राझील म्हणजे फक्त पुढचे तिघे, रोनाल्डो, रिव्हाल्डो आणि रोनाल्डिन्हो.

मूळचा तो ब्राझिलियाजवळच्या प्लानाल्टिनाचा. ग्वारा नावाच्या छोट्या क्लबकडून खेळताना पोर्टो अलेग्रेच्या इंटरनॅसिओनालकडून ७-० असा मार खाल्ला आणि गंमत अशी की ज्यांनी सात मारले त्यांनीच हा पोरगा आवडला म्हणून उचलला. तिथून २००१ मध्ये जर्मनीतल्या लेव्हरकुझेन क्लबात. मे २००२ मध्ये दोन आठवड्यांच्या आत या क्लबची लीग गेली, जर्मन कप गेला आणि चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची फायनलही गेली. ग्लासगोच्या त्या फायनलमध्ये रियल माद्रिदविरुद्ध बरोबरीचा हेडर लुसिओचा होता, पण झिदानच्या व्हॉलीपुढे तो कुणाच्या लक्षात राहिला नाही.

आता त्याचा खेळ कसा होता ते सांगतो, कारण खरा मुद्दा हाच आहे. उंचापुरा, दणकट, बघितल्यावर वाटेल हा माणूस पाय तोडूनच बॉल काढणार. प्रत्यक्षात उलट. २००६ च्या वर्ल्ड कपात तो सलग ३८६ मिनिटं एकही फाउल न करता खेळला, हा रेकॉर्ड झाला. म्हणजे पहिल्या चारही मॅच पूर्ण आणि वर फ्रान्सविरुद्धची पंचविसेक मिनिटं. सेंटर बॅकने, म्हणजे डिफेन्सच्या मधोमध खेळणाऱ्याने! त्याची पद्धत म्हणजे फॉरवर्डला बॉल पोचायच्या आधी पुढे घुसून तो काढायचा, आणि काढला की बाजूला पास देऊन मोकळं व्हायचं नाही, स्वतःच घेऊन सुटायचं. लांब लांब ढांगा टाकत हाफलाइन ओलांडायचा आणि समोरच्या मिडफिल्डरला कळायचंच नाही की याला अडवायचं कुणी. कोचच्या काळजाचा ठोका चुकत असणार, पण त्यामुळे समोरच्यांची सगळी मांडणी विस्कटायची.

बायर्न म्युनिकमध्ये पाच सीझन, त्यात तीनदा लीग आणि तीनदा जर्मन कप. २००९ मध्ये व्हॅन गाल कोच म्हणून आले आणि याला जाऊ दिलं, तो मोरिन्होच्या इंटर मिलानला गेला. पुढच्याच मे महिन्यात चॅम्पियन्स लीगची फायनल कुणाशी? बायर्नशीच. इंटर २-० जिंकलं, मिलिटोचे दोन्ही गोल, आणि मागे लुसिओ-सॅम्युएल जोडीने भिंत उभी केलेली. त्याआधी चेल्सीला घरच्या आणि बाहेरच्या दोन्ही मॅचमध्ये हरवलेलं, बार्सिलोनामध्ये जवळपास तासभर दहा जणांत लढून फायनल गाठलेली. माझ्या मते हे त्याचं सगळ्यात चांगलं वर्ष.

कॅप्टन म्हणूनही २००९ चा कॉन्फेडरेशन्स कप विसरू नका, फायनलला अमेरिकेविरुद्ध ०-२ मागे, मग २-२, आणि ८४ व्या मिनिटाला एलानोच्या कॉर्नरवर लुसिओचा हेडर. ब्राझीलकडून एकूण १०५ मॅच खेळला.

त्यानंतर युव्हेंटस, साओ पावलो, पाल्मेरास, तिथे फार काही जमलं नाही. गोव्यात २०१५ ला आला तेव्हा ३७ वर्षांचा होता, कोच झिको. वेग गेलेला होता, ते मान्यच करावं लागेल, पण कुठे उभं राहायचं हे कळायला वेग लागत नाही. त्या वर्षी गोवा इंडियन सुपर लीगच्या फायनलपर्यंत पोचला आणि फातोर्ड्याला शेवटच्या काही मिनिटांत २-१ ची आघाडी घालवून चेन्नईयिनकडून ३-२ हरला, ते अजून खुपतं. २०१६ चा सीझन टीमसाठी खराबच गेला. नंतर तो घराकडच्या छोट्या क्लबांत खेळत राहिला आणि २०२० मध्ये रिटायर झाल्याचं जाहीर केलं.

मित्रांना काही दाखवायचंच असेल तर हायलाइट्स नको, २०१० च्या चेल्सी-इंटरची लंडनमधली मॅच पूर्ण दाखवा आणि चेल्सीचा फॉरवर्ड ड्रोग्बाच्या आसपास कोण आहे तेवढंच बघायला सांगा.