सगळं ॲपवर चालतंय तर ईमेल कशाला ठेवायचा?

तुमचा प्रश्न असा आहे की सहा-सात जणांची टीम आहे, आपापसातलं आणि ग्राहकांशी सगळं बोलणं व्हॉट्सॲपवरच होतं, मेल आठवड्यात एखादा येतो, मग स्वतःच्या डोमेनच्या ईमेलसाठी (म्हणजे पत्त्यात @ नंतर आपल्याच कंपनीचं नाव येतं त्यासाठी) दर महिन्याला पैसे भरायचे का, आणि भरले तर कुठली गोष्ट कुठे पाठवायची. छोट्या टीम्सना हे सगळं लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ईमेल बंद करू नका, हे आधी सांगतो. मेल म्हणजे जुनाट आणि ॲप म्हणजे नवीन असं बऱ्याच जणांना वाटतं, पण मुद्दा वयाचा नाहीये, मुद्दा मालकीचा आहे. रे टॉमलिन्सन या अमेरिकन इंजिनिअरनी १९७१ मध्ये अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवर, एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर मेल पाठवला, १९८२ मध्ये एसएमटीपीचे, म्हणजे मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पाठवायच्या पद्धतीचे, नियम लिहिले गेले आणि आजही कुठल्याही कंपनीचा मेल सर्व्हर दुसऱ्याशी त्याच पद्धतीने बोलतो. याचा तुम्हाला फायदा असा की डोमेन तुमचं असेल तर उद्या मेलची सेवा बदला, परवा परत बदला, पत्ता तोच राहतो आणि ग्राहकाला काही कळतसुद्धा नाही. ॲपचं तसं नसतं, व्हॉट्सॲपचं बोलणं व्हॉट्सॲपमध्ये, स्लॅक या ऑफिसच्या चॅट ॲपचं स्लॅकमध्ये, आणि काही कारणाने अकाउंट बंद पडलं तर ग्राहकांपर्यंत पोचायचा रस्ताच बंद.

आता ॲपला नावं ठेवतोय असं समजू नका. पटकन विचारायला, फोटो दाखवायला, "निघालो, अर्ध्या तासात पोचतो" सांगायला ॲपसारखं दुसरं काही नाही, या गोष्टी मेलवर करायला लावणारे साहेब मी बघितलेत आणि त्यात सगळ्यांचाच वेळ जातो. माझा नियम साधा आहे, बोलणं ॲपवर करा आणि ठरलेलं मेलवर लिहा. सहा महिन्यांनी जे शोधावं लागेल, किंवा आज या बोलण्यात नसलेल्या माणसाला उद्या जे वाचावं लागेल, ते मेलवर गेलंच पाहिजे. दर, तारीख, कामात काय येतं आणि काय येत नाही, पैसे कधी आणि कोण देणार, कामातला बदल कुणी मंजूर केला, एवढ्यावरूनच पुढे भांडणं होतात.

चॅटमध्ये ग्राहक "ओके" लिहितो किंवा अंगठा टाकतो, पण त्याच्या वर तीन प्रश्न आणि दोन फोटो असतात, तो ओके नेमका कशाला होता ते दोन महिन्यांनी कुणीच सांगू शकत नाही. निळ्या टिकचा अर्थ फक्त मेसेज उघडला गेला एवढाच, मान्य केलं असा नाही. शिवाय व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत एडिट करता येतो, सगळ्यांसाठी डिलीट करायला तर दोन दिवसांहून जास्त मुदत असते, आणि डिसअपिअरिंग मेसेज चालू असतील तर आपोआपच सगळं जातं. मेल एकदा समोरच्याच्या इनबॉक्सला पोचला की पाठवणाऱ्याला तो सहसा मागे घेता येत नाही. जीमेलचं अनडू सेंडसुद्धा गेलेला मेल परत आणत नाही, तो जास्तीत जास्त ३० सेकंद रोखून धरतं एवढंच. म्हणून फोनवर किंवा चॅटवर काही ठरलं की त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाकायचा: आज असं ठरलं, हे काम अमुक करणार, या तारखेपर्यंत, यात काही चुकीचं वाटलं तर उद्यापर्यंत कळवा. ही एक सवय लागली ना की निम्मे वाद उभेच राहत नाहीत, मी हे अगदी मनापासून सांगतोय.

सगळ्यात जास्त त्रास मात्र नंबरवरून होतो. ग्राहकांशी बोलणं कर्मचाऱ्याच्या खासगी नंबरवरून होत असतं, तो माणूस नोकरी सोडतो आणि त्याच्याबरोबर दोन वर्षांचं बोलणं, फोटो, पत्ते सगळं जातं, त्यात त्याचा दोष काहीच नसतो कारण फोन त्याचाच असतो. त्यामुळे धंद्याचा नंबर वेगळा घ्या, तो कंपनीच्या नावावर असू द्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, त्यात लेबलं, ठरीव उत्तरं, वस्तूंचा कॅटलॉग, कामाच्या वेळेबाहेर आपोआप जाणारा मेसेज असं सगळं असतं. मुख्य फोनशिवाय आणखी चार डिव्हाइस जोडता येतात म्हणजे दोघं-तिघं एकाच नंबरवरून उत्तरं देऊ शकतात. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा आणि प्रत्येक ग्रुपला निदान दोन ॲडमिन ठेवा. मेललाही हेच लागू आहे, माणसाच्या नावाच्या पत्त्याबरोबर विक्री, हिशेब असे कामाच्या नावाचे पत्ते काढा, माणसं बदलली तरी पत्ता बदलत नाही.

स्लॅक किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्सची सहा-सात जणांना घाई नाही असं माझं मत. एकाच वेळी बरीच कामं चालू असतील आणि नव्याने आलेल्या माणसाला जुनं बोलणं वाचावं लागत असेल तर त्याचा खरा उपयोग आहे, कारण तिथे प्रत्येक कामाचं वेगळं चॅनेल, म्हणजे ग्रुप, असतं आणि मागचं सगळं शोधता येतं. पण स्लॅकच्या फुकट प्लॅनमध्ये मागचे ९० दिवसच दिसतात, तेव्हा त्यालाच दप्तर समजून बसू नका.

मेल लिहिण्याबद्दल थोडंसं. विषयात "अर्जंट" किंवा "हाय" लिहून काही कळत नाही, तिथे काम आणि तारीख लिहा, पुढे शोधताना तोच शब्द उपयोगी पडतो. एका मेलमध्ये एकच विषय. 'टू'मध्ये ज्याने काम करायचंय तोच, बाकीचे सीसीत, आणि बऱ्याच ग्राहकांना एकदम पाठवताना बीसीसीच, नाहीतर सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे पण जाताना फाइल एन्कोड होऊन साधारण एक तृतीयांशाने फुगते म्हणून त्याच्या बऱ्याच आतली फाइलसुद्धा अडकू शकते, मोठ्या फाइलची लिंक पाठवा आणि लिंक समोरच्याला उघडते का ते आधी बघा. व्हॉट्सॲपवर डिझाइन किंवा छपाईचे फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो पाठवला की क्वालिटी कमी होते.

"आमचे मेल स्पॅममध्ये जातात म्हणून आम्ही सोडून दिलं" असंही तुम्ही लिहिलंय. त्यावर उपाय आहे, डोमेनच्या सेटिंगमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे तीन रेकॉर्ड टाकायचे असतात, त्यावरून समोरच्या सर्व्हरला कळतं की मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने याबाबत नियम कडक केलेत, जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात, तुमच्यासारख्यांना पहिल्या दोनपैकी एक तरी हवंच, पण मी म्हणेन तिन्ही टाकून मोकळे व्हा, एका दुपारचं काम आहे.

आणि एक गोष्ट टीममधल्या प्रत्येकाला बसवून समजावा. पुरवठादाराच्या नावाने मेल किंवा मेसेज आला की "आमचं बँक अकाउंट बदललंय, पुढचे पैसे इथे पाठवा", तर पैसे पाठवायच्या आधी फोन करायचा, आणि तोही आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. कधीकधी समोरच्याचा खरा मेलबॉक्सच चोराच्या हातात गेलेला असतो, मग पत्ता, सही, जुनं बोलणं सगळं बरोबर दिसतं आणि शंका यायला जागाच राहत नाही. साहेबांच्या नावाने घाईचा मेसेज आला तरी हेच, विचारलं म्हणून कुणी रागावणार नाही हे साहेबांनीच टीमला आधी सांगून ठेवावं.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा. बऱ्याचदा ते वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या अकाउंटमध्ये असतं आणि मालकाला त्याचा पासवर्डही माहीत नसतो, ते आधी स्वतःच्या अकाउंटमध्ये घ्या, ऑटो रिन्यू चालू करा, कारण डोमेन संपलं की मेलही बंद पडतो. डोमेन कुठून घेतलंय ते इथे लिहा, मग ते तीन रेकॉर्ड तिथे कुठे टाकायचे ते सांगतो.