हौशी कार रेसमध्ये बिअरचा स्टॉल लावावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: क्लबची दोन दिवसांची हौशी रेस आहे, एक प्रायोजक बिअरचा स्टॉल लावायला तयार आहे, त्या पैशांत ट्रॅकच्या भाड्याचा मोठा भाग सुटेल आणि यावरून समितीत दोन तट पडलेत. माझं मत आधीच सांगतो. ट्रॅकवर एक जरी गाडी धावत असेल तरी दारूची विक्री नको. दिवसाची शेवटची गाडी थांबली की ज्यांना मुक्काम करायचा आहे त्यांनी आपापली प्यावी, त्याला माझी हरकत नाही. पण विकणारे तुम्ही होऊ नका.

'मोठ्या रेसमध्ये तर सर्रास विकतात' हा मुद्दा तुमच्याकडेही निघाला असणारच. तिथे पिणारा गॅलरीत बसलेला असतो. त्याच्या आणि गाडीच्या मध्ये काँक्रीटची भिंत असते, वर जाळी असते, पॅडॉकच्या, म्हणजे गाड्या उभ्या करून तयार करायच्या आवाराच्या, दारात पास तपासणारा माणूस असतो. आपल्याकडे ही विभागणीच नसते. सकाळच्या गटात गाडी पळवलेला माणूस दुपारी वळणावर झेंडा घेऊन उभा असतो. त्याचा भाऊ टायर बदलत असतो, आणि बायको लॅपच्या वेळा लिहून घेत असते. 'फक्त प्रेक्षकांनाच विकू' असं म्हणणं सोपं आहे, पण स्टॉलवरच्या पोराने समोरचा माणूस प्रेक्षक आहे की तासाभराने मार्शल म्हणून झेंडा धरणार आहे हे ओळखायचं कसं?

लोक ड्रायव्हरबद्दलच बोलतात, पण मला खरी धास्ती पॅडॉकची वाटते. तिथे एकाच वेळी काय काय चाललेलं असतं ते बघा. कुणीतरी ट्रेलर मागे घेतोय, शेजारी जॅकवर चढवलेल्या गाडीखाली एक जण झोपलाय, दोन हातांवर पेट्रोलचा कॅन उघडा आहे आणि त्यातूनच एक गाडी स्टार्टसाठी निघाली आहे. त्या ड्रायव्हरच्या डोक्यात हेल्मेट आहे, खांदे पट्ट्यांनी सीटला आवळलेले आहेत, मान पुरती वळत नाही. बाजूने कुणी आलं तर त्याला ते दिसेलच असं नाही. अशा वेळी चालणाऱ्यानेच बाजूला व्हायचं असतं, आणि दोन बिअर पोटात गेल्या की नेमकं तेच भान सुटतं.

मार्शलचंही तसंच. ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर कापते. पुढे कुणी गिरकी घेऊन आडवा पडलाय आणि धोक्याचा पिवळा झेंडा अर्धा सेकंद उशिरा हलला, तर मागून येणारा तेवढ्यात 14 मीटर पुढे आलेला असतो.

हिलक्लाइंब (घाटाच्या चढावर एकेक गाडी पळवायची शर्यत) किंवा रॅलीसारखी स्पर्धा असेल तर आणखी जपा. तिथे प्रेक्षकाला अडवायला बऱ्याचदा फक्त एक दोरी असते, बाकी सगळं त्याच्या अकलेवर. 1986 च्या पोर्तुगाल रॅलीत लोक थेट रस्त्यावर येऊन उभे होते. एक गाडी गर्दीत घुसली आणि तीन प्रेक्षकांचा जीव गेला. त्या गर्दीने दारू प्यायली होती असं मी म्हणत नाही. गाडी जवळून बघायच्या नादात माणूस आधीच पुढे पुढे सरकतो, त्यात आपण हातभार लावू नये.

आता दुसऱ्या दिवसाच्या सकाळचं. याचा विचार फार कमी आयोजक करतात. 330 मिलीच्या, पाच टक्क्यांच्या एका कॅनमध्ये सुमारे 13 ग्रॅम अल्कोहोल असतं. शरीर साधारणपणे तासाला सात ते दहा ग्रॅम जिरवतं, माणसागणिक कमीजास्त. रात्री नऊपासून बारापर्यंत आठ कॅन झाले तर 104 ग्रॅम झाले, आणि तासाला आठ ग्रॅम धरले तर हिशोब सकाळी दहापर्यंत जातो. तुमचं ब्रीफिंग आठला असेल. कॉफी, गार पाण्याची आंघोळ, भरपेट नाश्ता, कशानेही हा वेग वाढत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत मोटार स्पर्धांसाठी अल्कोहोलची मर्यादा रक्ताच्या एका लिटरला 0.10 ग्रॅम होती, म्हणजे अनेक देशांत रस्त्यावर चालणाऱ्या 0.5 ग्रॅमच्या मर्यादेचा पाचवा हिस्सा. 2018 पासून तो विषय त्या त्या खेळाच्या महासंघाकडे सोपवला गेला. मी तर म्हणेन, तुमच्या स्पर्धेला शून्यच ठेवा आणि सकाळी हजेरीच्या टेबलावर श्वास तपासायचं यंत्र ठेवा.

पैशांचा मुद्दा खरा आहे, तो मी झटकून टाकणार नाही. छोट्या क्लबांना ट्रॅक, ॲम्ब्युलन्स, अग्निशमन हे सगळं परवडवताना घाम फुटतो. पण होकार देण्याआधी विम्याची पॉलिसी काढून वाचा. बऱ्याच दायित्व विम्यांत दारू विकल्यामुळे येणारी जबाबदारी वगळलेली असते. ती स्वतंत्र घ्यायची म्हटली की स्टॉलची कमाई बरीचशी तिकडेच जाते. शिवाय अपघात झाला तर त्या माणसाने दारू कुठून घेतली हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जाईल.

'बंदी घातली तर लोक डिकीत लपवून पितील' असंही कुणी म्हणेल. थोडे पितील, खरं आहे. पण चोरून पिणारा एखाददुसरा शोधता येतो. अधिकृत स्टॉलसमोर रांग लागली की कुणाला थांबवायचं हेच ठरवता येत नाही. त्यासाठी एक साधा नियम ठेवा: ज्याने पहिला घोट घेतला त्याचा त्या दिवसाचा ट्रॅक संपला, मग तो ड्रायव्हर असो, मेकॅनिक असो की मार्शल. प्रत्येकाच्या मनगटावर कागदी पट्टा असू द्या. प्यायचं असेल त्याने आधी अधिकाऱ्याकडून तो कापून घ्यायचा. पट्टा नाही त्याला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या थांबतात त्या जागेत, प्रवेश नाही. आणि त्याच रेसच्या गाडीने जे घरी जाणार असतात, त्यांची किल्ली कुणाकडे राहणार हेही आधीच ठरलेलं असू द्या.

प्रायोजकाला मात्र तोडू नका. त्याच्याकडे बिनअल्कोहोलची बिअर असेल तर तिचा स्टॉल खुशाल लावा, गाडीवर आणि बक्षिसाच्या फलकावर त्याचं नाव द्या. विजेत्याच्या हातात बाटली हवीच असेल तर सीलबंद द्या, घरी नेऊन उघडेल. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस 500 या मोठ्या रेसमध्ये विजेता दूध पितो. 1936 मध्ये लुई मायर जिंकल्यावर ताक प्यायला, तिथून ती प्रथा आली, आणि त्या फोटोसाठी दूधवाले आजही पुढे असतात. समितीच्या पुढच्या बैठकीला प्रायोजकालाच बोलवा आणि दारू सोडून कशाकशावर त्याचं नाव लावता येईल याची यादी त्याच्यासमोर ठेवा.