पापणीला खाच, पण नजर बुबुळावर

प्रश्न : माझ्या मुलीच्या उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीला जन्मतःच, नाकाच्या बाजूला, खाच आहे. ती आता 19 दिवसांची आहे. झोपेतही तो डोळा पूर्ण मिटत नाही. डॉक्टरांनी थेंब व मलम दिले असून शस्त्रक्रियेचे ‘पुढे पाहू’ म्हणाले आहेत. थांबण्यात धोका नाही ना? मी सातव्या महिन्यात ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले, असे सासूबाईंचे म्हणणे आहे.
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आधी सासूबाईंच्या शंकेविषयी. पापण्यांची घडण गर्भाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच होते. त्या वेळी कडेचा एखादा भाग नीट जुळून आला नाही, तर तेवढी जागा रिकामी राहते. सातव्या महिन्यातील विळीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे त्यांना माझे नाव घेऊन सांगावे.

या दोषाला कोलोबोमा म्हणतात. त्यावरील शस्त्रक्रिया केव्हा करायची, हे खाच किती मोठी दिसते यापेक्षा बुबुळ कोरडे पडते आहे की नाही यावर ठरते. नवजात बाळ मिनिटाला जेमतेम दोन-तीनदाच पापणी मिटते, त्यात खाचेपुरती जागा उघडीच. तेथे आधी बारीक ओरखडे, मग जखम आणि शेवटी फूल (पांढरा डाग) पडण्याची भीती असते. मात्र झोपेत बुबुळ आपोआप वर सरकून पापणीआड जात असल्याने अनेक बाळांचे बुबुळ सुरक्षित राहते. बाळ गाढ झोपले असताना मंद विजेरीने पाहावे : फटीतून फक्त पांढरे दिसत असेल तर बरे, काळे दिसत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवावे. दवाखान्यात पिवळ्या रंगाचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात तपासले, की सुकलेला भाग हिरवा चमकतो. ही तपासणी प्रत्येक भेटीत व्हायला हवी.

थेंब परिरक्षक (औषध टिकवण्यासाठी घातलेले रसायन) नसलेलेच असावेत, कारण ते दिवसातून अनेकदा घालावे लागतात. मलम दूध पाजून बाळ झोपले की लावावे : खालची पापणी अलगद ओढून तांदळाच्या दाण्याएवढे. काजळ, मध किंवा अंगावरचे दूध डोळ्यात घालू नये. पट्टी परस्पर बांधू नये. ती सुटून तिचाच कापूस बुबुळाला घासतो.

बुबुळ ठीक राहिले तर काही महिने थांबणे योग्यच आहे. मूल वाढले की भूल देणे अधिक सुरक्षित होते आणि शिवायला पापणीचा भागही जास्त मिळतो. बुबुळ सुकू लागले तर मात्र वयाकडे पाहत बसू नये. खाच पापणीच्या रुंदीच्या साधारण पावभागापर्यंत असेल, तर कडा थेट जुळवून शिवता येतात. मोठी असेल तर शेजारची त्वचा सरकवावी लागते. डोळा काही आठवडे झाकून ठेवणाऱ्या पद्धती लहान बाळांत टाळलेल्या बऱ्या, कारण झाकलेल्या डोळ्याची नजर विकसित होत नाही आणि तो आळशी होतो.

कानासमोर मांसाचे कोंब किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पिवळसर गाठ आहे का, तेही पाहावे. हे दोष कधी कधी एकत्र आढळतात, म्हणून तसे असल्यास श्रवण आणि पाठीचा कणा तपासून घ्यावा. खर्चाची चिंता असेल तर 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

डोळा लाल होणे, चिपडे वाढणे, उजेडात बाळाने डोळा घट्ट मिटून घेणे किंवा बुबुळावर पांढुरका ठिपका दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.