शेऱ्याचा रकाना रुंद ठेवा

मागच्या अंकात मी सुचवलं होतं, की सुट्टीत एखाद्या फुटबॉल क्लबचा हंगामवार इतिहास वहीत उतरवून पाहा, आणि क्लब असा निवडा ज्याच्यावरून घरात आधीपासून भांडण नाही. नमुन्याला अल्जीरियातल्या तिझी उझू शहराचा जेएसके, म्हणजे 'जनेस स्पोर्तीव्ह द काबिली', दिला होता. हिरवा-पिवळा पोशाख, टोपणनाव 'कॅनरी'. १९६९ साली वरच्या श्रेणीत चढल्यापासून हा क्लब एकदाही खाली घसरलेला नाही, म्हणजे वहीत दर वर्षी एक ओळ ठरलेली. दिसायला सोपं काम. अडायचं तिथेच मंडळी अडली, हे पत्रांवरून दिसतंय. त्यातली काही इथे घेते.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. बँकेतून निवृत्त झालो, तेव्हा वही आखण्यात माझा हात कुणी धरणार नाही. १९४६ पासून सुरुवात केली. १९७६-७७ पर्यंत जेएसके व्यवस्थित सापडतो. पुढच्याच ओळीत तो गायब आणि त्याच्या जागी 'जेई तिझी उझू' म्हणून कुणी भलताच. हाच भलता १९८० ला लीग जिंकतो, १९८१ ला आफ्रिका जिंकतो, आणि दशक संपता संपता पुन्हा जेएसके हजर. नवीन खातं उघडू, की जुन्यातच लिहू? मुलगा म्हणतो, दोन क्लब. मी म्हणतो, एकच. — एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : काका, खातं एकच. शिल्लक पुढे ओढा. मुलाला मात्र चुकीचा म्हणू नका, कारण ज्यांनी नाव बदललं त्यांचीही इच्छा हीच होती, की लोकांना तो दुसरा क्लब वाटावा.

घडलं ते असं. तिझी उझू हे काबिली या डोंगराळ भागाचं मुख्य शहर, राजधानी अल्जीअर्सच्या पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवर. तिथले लोक अमाझिघ, त्यांची भाषा अरबीहून वेगळी. स्वातंत्र्यानंतर सरकारनं सगळा कारभार अरबीच्या बाजूनं वळवला. शाळेत नाही, कचेरीत नाही, तर आपली भाषा मोठ्यानं बोलायची कुठे? स्टेडियममध्ये. हजारो माणसं एकदम ओरडली तर पकडणार कुणाला! १९ जून १९७७ ला अल्जीअर्समध्ये देशाच्या चषकाचा अंतिम सामना झाला, समोर हुसेन दे हा राजधानीतलाच क्लब. जेएसके २-१ असा जिंकला. लीगही त्याच हंगामात जिंकलेली, म्हणजे दुहेरी मुकुट. पण त्या दिवसाची आठवण लोक काढतात ती गोलांची नव्हे. राष्ट्राध्यक्ष बूमेदिएन समोर बसलेले असताना गॅलरीतून काबिली भाषेत घोषणा उठल्या, ती आठवण.

त्याच वर्षी सरकारची क्रीडासुधारणा आली. एकेक क्लब एकेका सरकारी उद्योगाच्या पदराला बांधला गेला. जेएसके गेला सोनेलेककडे, म्हणजे विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक सामान बनवणाऱ्या उद्योगाकडे. नावातली 'काबिली' निघाली आणि त्या जागी शहराचं नाव आणि 'इलेक्ट्रॉनिक' आलं. शिक्षा एकट्या काबिलीलाच झाली असं मात्र लिहू नका, कारण ही सुधारणा सगळ्या देशाला लागू होती. १९२१ साली स्थापन झालेला, अल्जीअर्सचा मानाचा मौलूदिया क्लब तेल कंपनीकडे गेला आणि 'पेट्रोलवाला' झाला. यूएसएम हा राजधानीतलाच आणखी एक क्लब वीज-गॅसवाल्यांकडे गेला. फरक एवढाच, की त्यांच्या नावात शहर शिल्लक राहिलं आणि इथे प्रदेशाचं नाव पुसलं गेलं.

आता गंमत बघा. नाव गेलं आणि क्लब सुसाट सुटला! सरकारी उद्योगाचा पैसा, महिएद्दीन खालेफ आणि पोलंडहून आलेले स्तेफान झिवोत्को ही प्रशिक्षकांची जोडी, मधल्या फळीत अली फेरगानी. १९८०, ८२, ८३, ८५, ८६, ८९, ९० अशी लीगची विजेतेपदं. १९८२ च्या विश्वचषकात अल्जीरियानं पश्चिम जर्मनीला २-१ नं हरवलं, ते आपल्याकडच्या जुन्या मंडळींना अजून आठवतं. त्या संघाचा कर्णधार हाच फेरगानी आणि प्रशिक्षकही हेच खालेफ. तेव्हा १९७७ नंतर नवीन खातं उघडलंत, तर या क्लबची अर्धी कमाई परक्याच्या नावावर जमा होईल.

आणि इंदूरकराला हे मी सांगायला नको. होळकर संघानं रणजी चार वेळा जिंकली: १९४५-४६, ४७-४८, ५०-५१, ५२-५३. संस्थान गेलं, संघ मध्य भारताचा झाला, मग मध्य प्रदेशाचा. २०२२ मध्ये मध्य प्रदेशानं मुंबईला हरवून चषक आणला, तेव्हा सगळे 'पहिला, पहिला' म्हणत होते आणि राजवाड्याकडचे म्हातारे 'पाचवा' म्हणत बोटं मोडत होते. त्या वादात मी म्हाताऱ्यांच्या बाजूची, हे एव्हाना कळलंच असेल.

तर वही अशी आखा. पहिला रकाना हंगाम, दुसरा त्या वर्षीचं नाव (जे होतं तेच, आजचं नाही), मग लीगमधला क्रमांक, चषक, आफ्रिका, प्रशिक्षक. शेवटी शेरा. हा शेऱ्याचा रकाना पानाच्या निम्मा तरी ठेवा, बँकेच्या सवयीनं बोटभर ठेवू नका. १९७९-८० चंच घ्या. लीगच्या रकान्यात 'विजेता' लिहून होईल मोकळं. पण त्याच हंगामात, मार्च १९८० मध्ये, मुलूद मामेरी या लेखकाचं तिझी उझूच्या विद्यापीठातलं व्याख्यान सरकारनं बंद पाडलं. विषय होता जुनी काबिली कविता. एप्रिलमध्ये संप, मोर्चे, विद्यापीठात घुसलेले पोलीस. हे ज्या गावात चाललं होतं, त्याच गावचा संघ त्या वर्षी देशात पहिला आला. शेरा नसेल तर ती ओळ मुकी राहते.

एक राहिलं. १९५६ ते १९६२ या ओळी कोऱ्या सोडा, गाळू नका. स्वातंत्र्ययुद्धात राष्ट्रीय मुक्ती आघाडीनं हाक दिली आणि मुस्लिम क्लबांनी फ्रेंचांच्या लीगमध्ये खेळणं थांबवलं.

प्रश्न : मॅम, मी सेकंड इयरला आहे. माझ्या वहीत १९८१ ला जेई तिझी उझू आफ्रिकेचा विजेता आहे, पण १९८०-८१ ची अल्जीरियाची लीग आरसी कूबानं जिंकली आहे. देशात पहिला नाही आणि खंडात पहिला? दोन्हीपैकी एक तर चूक असणार ना? — स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : बेटा, दोन्ही बरोबर. लीग पावसाळ्यानंतर सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्यात संपते, म्हणून तिचं वर्ष जोडाक्षरासारखं लिहितात. आफ्रिकेची स्पर्धा, म्हणजे देशोदेशींच्या लीगविजेत्यांची, त्या काळी एकाच वर्षात, साधारण वसंतात सुरू होऊन डिसेंबरपर्यंत उरकायची. १९८१ च्या स्पर्धेचं तिकीट मिळालं ते १९७९-८० ची लीग जिंकल्याबद्दल. तोवर घरी कूबा पुढे निघून गेला होता. अंतिम फेरीत तिझी उझूनं झाईरच्या (आजच्या काँगोच्या) व्हिटा क्लबला घरच्या मैदानावर ४-० आणि किन्शासात जाऊन १-० हरवलं. १९९० मध्ये क्लब पुन्हा आफ्रिकेचा विजेता झाला. तेव्हा झांबियाच्या एन्काना रेड डेव्हिल्सशी दोन्ही सामने मिळून बरोबरी झाली आणि लुसाकात पेनल्टीवर ५-३ असा निकाल लागला.

याहून चक्रावून टाकणारी ओळ हवी असेल तर शेजारच्या सेतीफ क्लबची वही उघड. १९८६-८७ ची लीग त्यांनी जिंकली, आफ्रिकेचं तिकीट मिळालं. पुढच्याच हंगामात इतकी घसरण झाली की दुसऱ्या श्रेणीत ढकलले गेले. आणि डिसेंबर १९८८ मध्ये, दुसऱ्या श्रेणीत खेळत असताना, नायजेरियाच्या इवुआन्यान्वू नॅशनलशी पहिला सामना १-० हरून दुसरा ४-० जिंकत आफ्रिकेचे विजेते झाले. हे मी वर्गात सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरून 'बाई, काहीही काय' असं हमखास यायचं.

२०१८-१९ पासून आफ्रिकेची स्पर्धाही दोन वर्षांवर पसरली, त्यामुळे त्यापुढे तुझे रकाने एका रेषेत येतील.

प्रश्न : क्लबचं नाव फ्रेंच, बरेच खेळाडू फ्रान्सला जातात. मग हे फ्रान्सच्याच लीगमध्ये का धरू नयेत? — लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९६२-६३ पासून अल्जीरियाची स्वतःची लीग आहे. पहिला विजेता यूएसएम अल्जीअर्स. फ्रान्समध्ये धरायचं म्हणत असाल तर एप्रिल १९५८ आठवा. सेंट-एतिएनचा रशीद मेखलूफी, मोनाकोचा मुस्तफा झितूनी, दोघंही फ्रान्सच्या विश्वचषक संघासाठी विचारात असलेले. गुपचूप फ्रान्स सोडून निघाले आणि मुक्ती आघाडीच्या संघाकडून खेळू लागले. विश्वचषकावर पाणी सोडून गेलेल्यांच्या देशाला आपण पुन्हा फ्रान्सच्या पानावर कशाला बसवायचं?

प्रश्न : जेएसकेची लीगची विजेतेपदं चौदा. चौदा ओळी भरल्या, चषकाच्या पाच भरल्या, झालं. बाकीच्या ओळींत 'तिसरा', 'पाचवा', 'नववा' लिहीत बसून काय मिळणार? — एक वाचक, मनोरमागंज, इंदूर

उत्तर : तुमची घाई मला कळते, पण १९९५ ची लीग आणि २००४ ची लीग यांच्यामध्ये तुम्ही जे कोरं सोडलंत, त्यातच क्लबची एक मोठी मिरास पडली आहे. सन २०००, २००१ आणि २००२, तिन्ही वर्षी सलग सीएएफ चषक, म्हणजे आफ्रिकेच्या फुटबॉल महासंघाची लीगविजेत्यांच्या स्पर्धेहून वेगळी स्पर्धा. पहिल्या वर्षी इजिप्तच्या इस्माईलीशी १-१ आणि ०-०, दुसऱ्या वर्षी ट्युनिशियाच्या एतुआल द्यु साहेलशी १-२ आणि १-०. दोन्ही वेळा परक्या मैदानावर केलेला गोल भारी ठरला. तिसऱ्या वर्षी कॅमेरूनच्या तोनेरला पहिल्याच सामन्यात ४-० नं गुंडाळलं. २००३ नंतर ती स्पर्धाच बंद झाली.

आणि २००१ म्हणजे कोणतं वर्ष? एप्रिलमध्ये काबिलीत एक शाळकरी मुलगा जॉंदार्मेरीच्या, म्हणजे लष्करी पोलिसांच्या कोठडीत गोळी लागून गेला. त्यानंतर महिनोन्‌महिने रस्ते पेटलेले होते, हजारो जखमी, शंभराहून अधिक मृत. त्या वर्षअखेरीला चषक आला. 'लीग : विजेता नाही' एवढंच लिहून तुम्ही ते पान उलटणार?

अध्यक्ष मोह शेरीफ हनाशी, क्लबचेच जुने खेळाडू, १९९३ ते २०१७ इतका काळ खुर्चीवर होते. या माणसावर तिझी उझूत दोन तट पडतात. पण तीन चषक त्यांच्याच काळातले. मी दोन्ही गोष्टी लिहिते.

प्रश्न : ताई, माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. त्यानं उत्साहानं वही केली. २०१४-१५ ला पोचला आणि मी वही काढून ठेवली. तुम्हाला कारण माहीत असेल. मुलांच्या वहीत असलं लिहावं का? — एक आई, वडोदरा

उत्तर : माहीत आहे. आल्बेर एबोसे, कॅमेरूनचा आघाडीचा खेळाडू. आदल्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचे. २३ ऑगस्ट २०१४, तिझी उझूचं एक नोव्हेंबर स्टेडियम, समोर यूएसएम अल्जीअर्स. जेएसके १-२ नं हरला, जेएसकेचा एकमेव गोल एबोसेचा. खेळाडू आत जात असताना प्रेक्षकांतून फेकलेली वस्तू लागून त्याचा मृत्यू झाल्याचं जाहीर झालं. स्टेडियमला टाळं लागलं, आणि आफ्रिकेच्या महासंघानं क्लबला दोन वर्षं आपल्या स्पर्धांतून बाहेर ठेवलं.

लिहू द्या त्याला. आधी तुम्ही वाचा, मग शेजारी बसून सांगा. दहा वर्षांच्या मुलाला 'वस्तू फेकली' कळतं, कारण त्यानं स्वतः कधीतरी फेकलेली असते. 'कुणी फेकली' असं तो विचारील, तर 'आपल्याच संघाच्या बाजूला बसलेल्यांतून आली' हे झाकू नका. मी शाळेत मैदानावर उभी असायचे तेव्हा हरल्यावर बाटली भिरकावणारा पोरगा बहुतेक वेळा आपल्याच संघाचा असायचा. आणि वहीत त्या हंगामाचा आफ्रिकेचा रकाना भरताना 'मनाई' लिहायला सांगा. तिथे नुसती रेघ मारली तर नंतर वाचणाऱ्याला वाटेल, संघ कच्चा होता म्हणून पात्र ठरला नाही.

काढून ठेवलेली वही मात्र आजच परत द्या. २०२१ पर्यंत पोचेल तेव्हा त्याला आफ्रिकेच्याच कॉन्फेडरेशन चषकाची अंतिम फेरी मिळेल, बेनिनच्या कोटोनूत, मोरोक्कोच्या रजा कासाब्लांकासमोर. १-२ हरलेत, पण पोचलेत.

प्रश्न : २०१९-२० चे सामने पुरे झालेच नाहीत. मग ती ओळ भरायची की खोडायची? — विजयनगर, इंदूर

उत्तर : भरायची. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे लीग थांबली ती थांबलीच. त्या वेळी अव्वल असलेल्या सीआर बेलुइझदादला विजेता ठरवलं, आणि खाली कुणालाच ढकललं नाही. म्हणून पुढच्या हंगामात वीस क्लब झाले. सामन्यांच्या रकान्यात जितके झाले तितकेच लिहा, सरासरी काढून पूर्ण करू नका.

ज्यांना वह्या दाखवायच्या आहेत त्यांनी झेरॉक्स पाठवावी, मूळ वही नको. टपालात गहाळ झाली तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि शाईच्या पेनानं लिहिलेलं झेरॉक्समध्ये फिकं येतं, तेव्हा बॉलपेन वापरा.